पावकी-निमकीचें बालपण

दिवेलागण झाली, देवापुढें समई लागली, तुळशीपाशीं पणती ठेवली गेली, कीं जुन्या मराठी घराच्या ओसरीवरून मुलांचा एकसुरी गलका ऐकूं येऊं लागे. हातपाय धुऊन मुलें मांडी घालून ओळीनें बसत आणि ‘शुभंकरोति’ म्हणून होतांच परवचा सुरू होई. आधीं वार, महिने, तिथि आणि नक्षत्रें. मग बेपासून तिसापर्यंतचे पाढे. आणि सर्वांत शेवटीं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी. ज्या घरांत हा क्रम पाळला जाई त्या घरांत तो जेवणाइतकाच ठरलेला असे. परवचा झाल्यावांचून पान वाढावयाचें नाहीं, असाही नियम पुष्कळ घरीं होता.

आजच्या शहरी घरांतील मुलाला बेचा पाढा येतो. बारापर्यंतचे, फार तर विसापर्यंतचे पाढेही येतात. परंतु औटकी म्हणजे काय, असें त्याला विचारलें तर तें बुचकळ्यांत पडेल. साडेतिनाचा पाढा कोणी कशासाठीं पाठ करावा, ही शंका त्याला येणें साहजिक आहे. त्याच्या हातीं दशमान नाणीं आहेत, दशमान वजनें आहेत, आणि हिशेब करावयाला यंत्र आहे. पूर्वींच्या मुलापाशीं यांपैकीं कांहींच नव्हतें. त्याच्यापाशीं होतीं तीं जीभ, बोटें आणि स्मरणशक्ति. आणि ज्या जगांत त्याला व्यवहार करावयाचा होता तें जग दहांच्या पटींत नव्हे, तर चार, आठ आणि सोळा अशा भागांत वांटलेलें होतें. त्या जगाची किल्ली म्हणजे हे अपूर्णांकांचे पाढे. ते कां होते, कोणाला मिळाले, कोणाला मिळाले नाहींत आणि पुढें त्यांचें काय झालें, हा इतिहास एका विसरलेल्या बालपणाचा आहेच. पण त्याबरोबरच तो महाराष्ट्रांतील घराघरांच्या सुखदुःखाचाही आहे.

या शिक्षणाचा आरंभ पंतोजींच्या शाळेंत होई. पेशवाई १८१८ सालीं संपली. पुढल्याच वर्षीं मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें जिंकलेल्या प्रदेशाविषयीं जो अहवाल लिहिला, त्यांत त्यानें नमूद केलें आहे कीं, सर्व शहरांत आणि पुष्कळ खेड्यांत शाळा आहेतच. मात्र वाचन हें ब्राह्मण, वाणी आणि हिशेबाशीं ज्यांचा संबंध येतो असे शेतकरी यांच्यापुरतेंच मर्यादित आहे. ही शाळा म्हणजे कांहीं स्वतंत्र इमारत नव्हे. देवळाचा सभामंडप, एखाद्या सधन गृहस्थाची ओसरी किंवा पंतोजींच्या घराचीच पडवी, एवढी जागा तिला पुरे होई. छापील पुस्तक नाहीं, फळा नाहीं, बांक नाहीं, इयत्ताही नाहींत. मुलांच्या घरून मिळणारे थोडे पैसे, सणावारचा शिधा आणि धान्य यांवर पंतोजींचा चरितार्थ चाले. त्यांच्या हातांतील छडी आणि अंगठे धरून ओणवें उभें राहण्याची शिक्षा यांची आठवण मात्र शिष्यांना म्हातारपणापर्यंत पुरत असे.

मुलाच्या पुढ्यांत धूळपाटी असे. लांकडी फळीवर बारीक धूळ पसरावयाची आणि टोंकदार काडीनें तींत अक्षर काढावयाचें. चुकलें तर हात फिरवावयाचा, कीं पाटी पुन्हां कोरी. पहिला धडा ‘ॐ नमः सिद्धम्’ या मंगलवचनाचा. मुलांच्या तोंडीं त्याचें ‘ओनामासीधं’ झालें, आणि कोणत्याही कामाचा ‘ओनामा’ करणें हा प्रयोग मराठीला त्यांतूनच मिळाला. धूळपाटीवर हात बसला म्हणजे मूल बोरूनें कागदावर लिहूं लागे. बोरू तासणें, काजळाची शाई घोटणें, ओल्या अक्षरांवर वाळू टाकून तीं सुकविणें, हीं सारीं कामें त्याची त्यानेंच करावयाचीं. लिपीही एक नव्हे, दोन: पोथीची बाळबोध आणि व्यवहाराची मोडी. मोडी लिहितांना हात फारसा उचलावा लागत नाहीं. म्हणून दप्तरें, खतें, पत्रें आणि सावकाराच्या वह्या मोडींत असत. विल्यम कॅरी यानें बंगालमधील श्रीरामपूर येथें १८१० सालीं प्रसिद्ध केलेला मराठी कोश मोडी टाइपांत छापला, यावरून त्या लिपीचें व्यवहारांतील महत्त्व ध्यानांत येतें.

पुढें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सरकारी शाळा वाढल्या, तशी धूळपाटीची जागा दगडी पाटीनें घेतली. मुंबई इलाख्यांत १८५५ सालीं स्वतंत्र शिक्षणखातें सुरू झालें, छापील पुस्तकें आलीं, तपासनीस आले, परीक्षा आल्या. परंतु मुलांच्या तोंडचे पाढे बदलले नाहींत. ते पंतोजींच्या ओसरीवरून जसेच्या तसे सरकारी शाळेंत गेले, आणि स्वस्त अंकलिपीच्या पानांतून घरोघर पोंचले. दसऱ्याच्या दिवशीं पाटीवर एकाच्याच आंकड्यांची सरस्वती काढून तिची पूजा करण्याची जी चाल मराठी घरांत रूढ झाली, तिच्यांतही विद्येची देवता आंकड्यांनीं घडलेली आहे. अक्षर आणि आंकडा यांच्यामध्यें त्या काळच्या समाजानें वडील भाऊ कोणाला मानलें होतें, हें त्या चित्रावरून सहज समजतें.

आतां या पाढ्यांकडे वळूं या. पावकी म्हणजे पावाचा पाढा, निमकी अर्ध्याचा, पाऊणकी पाऊणाचा. सवायकी, दिडकी, अडीचकी हीं नांवें अर्थ सांगतात. औटकी मात्र उलगडून सांगावी लागते. औट म्हणजे साडेतीन. संस्कृतांतील ‘अर्धचतुर्थ’, म्हणजे ज्यांतला चौथा अर्धा आहे असें, या शब्दापासून प्राकृताच्या वाटेनें तो मराठींत आला. अडीच हा त्याचाच धाकटा भाऊ. त्याचें मूळ ‘अर्धतृतीय’, ज्यांतला तिसरा अर्धा आहे असें. म्हणजे आपल्या पूर्वजांनीं हे आंकडे ‘दोन आणि वर अर्धा’ असे न पाहतां ‘तिसऱ्याच्या अर्ध्या वाटेवर’ असे पाहिले. मराठी मनाला साडेतिनाची गोडी कांहीं निराळीच. साडेतीन मुहूर्त, देवीचीं साडेतीन पीठें, पेशवाईंतले साडेतीन शहाणे, औट हात देह आणि औट घटकेचें राज्य, हीं सारीं त्याच गोडीचीं फळें होत.

लिहिण्याची रीतही या जगाला साजेशी होती. आंकड्यापुढें एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ‘१।’ असें लिहिलें कीं सव्वा, ‘२॥’ कीं अडीच, ‘३॥।’ कीं पावणेचार. मुलाला अपूर्णांक म्हणून कांहीं निराळी, भीतिदायक वस्तु शिकावी लागत नसे. अंश, छेद हे शब्द कानीं पडण्यापूर्वींच पाव आणि पाऊण त्याच्या ओळखीचे झालेले असत. कारण ते त्याच्या मुठींतल्या पैशांतच होते.

तो पैसा तरी कसा होता? रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे आणि १९२ पै. चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली, दोन आण्यांची चवली. रुपया अर्धा करा, पुन्हां अर्धा करा, पुन्हां अर्धा करा; दर वेळीं कांहीं तरी पुरा आंकडा हातीं येतो. अधेली, पावली, चवली, आणा हे त्या अर्ध्याअर्ध्याच्या उतरणीवरचे थांबे आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४३ पासून, तांब्याची टंचाई भासूं लागली तेव्हां मध्यें भोंक असलेला पैसा निघाला. मोठ्यांना तें टंचाईचें चिन्ह वाटलें. मुलांना मात्र दोऱ्यांत ओंवतां येणारें नाणें मिळाल्याचा आनंद झाला.

धान्याच्या मापांची चाल तशीच. कोळवें, चिपटें, मापटें, शेर, अधोली, पायली: प्रत्येक माप आधल्याच्या दुप्पट. दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. धान्य मोजतांना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणतां ‘लाभ’ म्हणावयाचें, हेंही मूल ऐकून ऐकून शिके. आणि माप शीग लावून घेतलें जात आहे कीं कांठाशीं सपाट करून दिलें जात आहे, हें पाहण्याची नजरही त्याला लौकरच येई. तोलाच्या वजनांत अच्छेर, पावशेर आणि नवटांक. ७२ टांकांचा शेर. त्याचा आठवा हिस्सा ९ टांक, म्हणून नवटांक. सोनाराच्या कांट्यावर ८ गुंजांचा मासा आणि १२ माशांचा तोळा. ब्रिटिश अमदानींतील चांदीचा रुपया १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा वजनाचा असल्यामुळें घरांत वजन नसलें तरी रुपया तराजूंत घालून काम भागे. काळ मोजावयाचा तर ६० पळांची घटका आणि ६० घटकांचा दिवसरात्र. लग्नामुंजींत पाण्याच्या घंगाळांत बारीक छिद्राचें घटिकापात्र तरंगत सोडलेलें असे. तें भरून बुडालें कीं एक घटका, म्हणजे आजचीं २४ मिनिटें, झाली असें समजावयाचें. त्या वाटीकडे टक लावून बसणें हा मुलांचा आवडता उद्योग होता.

अशा जगांत एखाद्या आठदहा वर्षांच्या मुलाला आई वाण्याकडे पाठवी. भाव शेराला साडेतीन आणे, आणि आणावयाची सात शेर. मूल वाटेंत औटकी म्हणे: साता औटें साडेचोवीस. साडेचोवीस आणे, म्हणजे एक रुपया साडेआठ आणे. दुकानाशीं पोंचण्यापूर्वीं हिशेब तयार. पावशेरच आणावयाची असेल तर पाढ्याचीही गरज नाहीं. शेराला जितके आणे, पावशेराला तितके पैसे, ही खूणगांठ त्याच्याजवळ असे. कारण पावशेर हा शेराचा चौथा भाग आणि पैसा हा आण्याचा चौथा भाग. डझनाला जितके आणे, नगाला तितक्या पै. कारण डझनाचे नग १२ आणि आण्याच्या पैही १२. मणाला जितके रुपये, अडीच शेरांना तितके आणे. कारण मणाचे शेर ४० आणि रुपयाचे आणे १६, आणि चाळिसाला सोळांनीं भागलें कीं अडीच येतात. मण सहा रुपयांचा असला तर अडीच शेरांना सहा आणे आणि दहा शेरांना दीड रुपया. अडीचकी कोणासाठीं होती, याचें उत्तर या एका हिशेबांत आहे.

तेव्हां ही घोकंपट्टी निव्वळ घोकंपट्टी नव्हती. पाढा, नाणें आणि माप हे एकाच सुतानें विणलेले होते. एकाचा धागा ओढला कीं दुसरें हलत असे. आजचे शिक्षणतज्ज्ञ गणिताचा जीवनाशीं संबंध जोडा असें सांगतात. जुन्या मुलाला तो संबंध जोडावाच लागत नसे, कारण तो कधीं तुटलेलाच नव्हता. मात्र याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हें विणकाम गांवोगांव निराळें होतें. मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर बंगाली मण ८२ पौंडांहून कांहींसा अधिक. दोहोंचेही शेर चाळीसच, पण शेराशेरांत केवढें अंतर! पायलीही गांव बदललें कीं लहानमोठी होई. मूल आपल्या पेठेंत पटाईत असे. पेठ ओलांडली कीं त्याच्या विद्येला ठेंच लागे. शिवाय ज्याला ही विद्या मिळालीच नाहीं, त्याला तर आपल्याच पेठेंत, आपल्याच दारांत ठेंच लागे. या इतिहासांतला खरा दुःखाचा भाग तोच आहे.

ओसरीवर मुलगे परवचा म्हणत तेव्हां माजघरांत मुली काय करीत? त्या ऐकत. कित्येक आज्यांना पाटीवर एक आंकडा काढतां येत नसे. परंतु नातवाची पाऊणकी चुकली तर त्या आंतूनच ती दुरुस्त करीत, कारण आयुष्यभर तीच ती ऐकून त्यांच्या कानांना तिची लय ठाऊक झालेली असे. गवळ्याच्या दुधाचा हिशेब त्या भिंतीवर रेघा ओढून ठेवीत. १८६२ सालीं जन्मलेल्या रमाबाई रानडे १८७३ सालीं लग्न होऊन पुण्यास आल्या तेव्हां त्यांना अक्षरओळखही नव्हती. न्यायमूर्तींनीं त्यांना शिकविण्यास आरंभ केला, आणि घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांचा त्यासाठीं त्यांना किती रोष सोसावा लागला, तें त्यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या पुस्तकांत सांगितलें आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत मुलींची शाळा १८४८ सालींच काढली होती. तरीही पंचवीस वर्षांनंतर सुस्थितींतल्या घरची मुलगी निरक्षर राहूं शकत होती, यावरून ओसरी आणि माजघर यांच्यामधला उंबरठा केवढा उंच होता याची कल्पना येते.

दुसरा उंबरठा जातीचा. ज्यांना अस्पृश्य मानलें गेलें त्यांच्या मुलांना पंतोजींच्या ओसरीवर पाऊल ठेवण्याचीही मुभा नव्हती. आणि पुढें सरकारी शाळेचें दार उघडलें तरी आंत वेगळें बसणें सुटलें नाहीं. १८९१ सालीं जन्मलेल्या भीमराव आंबेडकरांनीं आपल्या साताऱ्याच्या शाळकरी दिवसांविषयीं लिहून ठेवलें आहे कीं, त्यांना वर्गांत कोंपऱ्यांत एकटें बसावें लागे, बसावयाचें गोणपाट रोज घरून न्यावें व परत आणावें लागे, आणि शिपायानें नळ सोडला तरच पाणी मिळे. बालपणाच्या आठवणी म्हटल्या म्हणजे समई, परवचा आणि आजीचा हात एवढेंच ज्यांना आठवतें त्यांनीं हें गोणपाटही आठवलें पाहिजे. तें त्याच काळाचें आहे.

तिसरा उंबरठा कुणब्याच्या दारांतला. कुणब्याच्या पोराला गुरें राखावयाचीं असत. त्याला शाळा कोठली? तें मूल मोठें होऊन सावकाराच्या पेढीवर जाई तेव्हां पावकी-औटकी आणि मोडी या दोहोंचें अज्ञान त्याच्या गळ्याशीं येई. खत मोडींत लिहिलेलें. त्याखालीं याची सही म्हणजे ‘निशाणी नांगर’, आणि स्त्री असेल तर ‘निशाणी बांगडी’. व्याज किती? ‘रुपयाला महिना एक पैसा.’ कानाला किती हलकें वाटतें! परंतु शंभर रुपयांना महिन्याचे शंभर पैसे, म्हणजे एक रुपया नऊ आणे. वर्षाचे अठरा रुपये बारा आणे. ज्या मुलानें परवचा म्हटला होता त्याला हा आंकडा उभ्या उभ्या कळे. ज्यानें म्हटला नव्हता त्याला तो जमीन गेल्यावर कळे.

या अज्ञानाचा आणि त्याच्यावर पोसलेल्या कर्जाचा स्फोट १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं झाला. बाजारच्या दिवशीं शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले, आणि तो वणवा पुणें व नगर या जिल्ह्यांत पसरला. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही, कीं या दंगलकऱ्यांना मुख्यतः हवे होते ते कागद. खतें आणि रोखे हिसकावून घ्यावे आणि जाळावे, हा त्यांचा उद्देश होता. जें वाचतां येत नाहीं, ज्याचा हिशेब करतां येत नाहीं, तें जाळतां तरी येतें! पुढें १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठीं कायदा झाला, आणि शेतकऱ्याचें खत नेमलेल्या ग्रामनिबंधकासमोर लिहिलें जावें अशी तजवीज त्यांत करण्यांत आली. परंतु खरा उपाय कोणता, तें जोतीराव फुले यांनीं ओळखलें होतें. १८८२ सालीं हंटर शिक्षण आयोगापुढें त्यांनीं जें निवेदन ठेवलें, त्यांत प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमांत मोडी व बाळबोध वाचन-लेखन आणि हिशेब यांना त्यांनीं अग्रस्थान दिलें; मग इतिहास, भूगोल, व्याकरण आणि शेतीचें प्राथमिक ज्ञान. वरवर पाहतां ही मागणी साधी दिसते. परंतु मोडी आणि हिशेब हेच दोन विषय प्रथम कां, हें सुप्याच्या होळीच्या उजेडांत पाहिलें म्हणजे चटकन् समजतें. जें ओसरीवरच्या मुलाला खेळतां खेळतां मिळत होतें तें रानांतल्या मुलाला हक्कानें मिळावें, एवढाच तिचा अर्थ होता.

असें हें गणित शेंकडों वर्षें चाललें आणि मग अवघ्या पांचसहा वर्षांत मावळलें. स्वतंत्र भारताच्या संसदेनें १९५५ सालीं नाण्यांच्या कायद्यांत दुरुस्ती केली, आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० ‘नवे पैसे’ झाले. १९५६ च्या कायद्यानें मेट्रिक वजनेंमापें स्वीकारलीं गेलीं. ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम व मीटर बाजारांत येऊं लागले, आणि १९६० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत शेर, मण, पायली यांचा कायदेशीर व्यवहार संपला. संक्रमणाच्या काळांत घरोघर कोष्टकें टांगलीं होतीं. एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, दोन आणे म्हणजे १२, तीन आणे म्हणजे १९, आणि चार आणे म्हणजे २५. एकाचे सहा आणि तिनांचे एकोणीस हा हिशेब पाहून परवच्यावर वाढलेल्या आजोबांनीं कपाळाला हात लावला असल्यास नवल नाहीं. वस्तुतः दोष कोष्टकाचा नव्हता. सोळांचें जग शंभरांच्या जगांत ओततांना सव्वासहांचा पाव कोठें तरी सांडावयाचाच. १ जून १९६४ पासून ‘नवा’ हा शब्दही गळला, आणि नवा पैसा तोच केवळ पैसा झाला.

या बदलाची आवश्यकता निर्विवाद होती. एकाच देशांत मणाचें वजन गांवागणिक निराळें असणें हें व्यापाऱ्याला सोयीचें आणि गिऱ्हाइकाला घातक. सर्वत्र एकच किलोग्रॅम आल्यानें परक्या पेठेंत लागणारी ठेंच गेली. शून्य मिळविणें आणि बिंदु सरकविणें एवढें आलें कीं शाळेंत चार इयत्ता शिकलेल्या मजुरालाही आपला हिशेब पडताळून पाहतां येऊं लागला. औटकी पाठ नसलेल्या माणसाची फसवणूक होण्याचें एक मोठें कारण नाहींसें झालें. ज्यांच्यासाठीं पंतोजींची ओसरी कधींच नव्हती त्यांच्या दृष्टीनें हा तोटा नव्हे, लाभच होय. धान्याच्या पहिल्या मापाला म्हणत त्या अर्थानेंही लाभच.

मात्र या लाभाची किंमत एका पिढीनें मुकाट्यानें दिली. ज्या आजोबांच्या तोंडचा हिशेब ऐकावयास वाण्याच्या दुकानीं माणसें थांबत, ते एका एप्रिल महिन्यांत अडाणी झाले. नातवाला शिकविण्याजोगी त्यांच्यापाशीं जी विद्या होती, तिच्या खालचें नाणेंच काढून घेतलें गेलें. मोडीचेंही तसेंच झालें. शाळेंतून ती गेली आणि आजोबांच्या पेटींतील पत्रें नातवंडांना परक्या देशाच्या कागदांसारखीं झालीं. दोन पिढ्यांमधला संवाद नुसत्या प्रेमावर चालत नाहीं. देण्याघेण्यालाही कांहीं लागतें. संध्याकाळीं एकानें म्हणावयाचें आणि दुसऱ्यानें चूक दाखवावयाची, हें तें देणेंघेणें होतें.

तरीही हें जग भाषेंतून समूळ गेलेलें नाहीं. २५ पैशांचें नाणें ३० जून २०११ पासून चलनांतून गेलें, म्हणजे पावलीचा शेवटचा वंशजही गेला. परंतु आजही मराठी माणूस गोष्ट ‘सोळा आणे’ खरी मानतो, ‘पै न् पै’ चुकती करतो, ‘घटकाभर’ बसतो, ‘गुंजभर’ सोन्याचा अभिमान बाळगतो आणि सत्तेवर आलेल्या उतावळ्या माणसाला ‘औट घटकेचा राजा’ म्हणतो. भाजीबाजारांत किलो आला, पण तो ‘०.२५’ होऊन आला नाहीं. तो पाव किलो, अर्धा किलो, पाऊण किलो, सव्वा किलो आणि अडीच किलो होऊनच आला. पंतोजी गेले, धूळपाटी गेली, शेर आणि आणा गेले. दशमान काट्यावर बोलणाऱ्याची जीभ मात्र अजून पावांनींच मोजते आहे.

आजच्या मुलांनीं पुन्हां औटकी पाठ करावी, असा आग्रह कोणी धरूं नये. तिचें काम संपलें आहे. परंतु घरांतल्या एखाद्या वृद्धाला अजून ती येत असेल, तर तिचीं दहा घरें एकदां त्याच्या तोंडून ऐकून घ्यावीं, आणि ती कशासाठीं होती तेंही विचारावें. त्या उत्तरांतून मुलाला कळेल कीं आपल्या आधींची माणसें अडाणी नव्हतीं, त्यांचें जग निराळ्या पटींत वांटलेलें होतें. आणि त्याबरोबरच हेंही कळेल कीं त्या जगांत हिशेब येणें आणि न येणें यांत जमीन राहण्याचें आणि जाण्याचें अंतर होतें. या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या तरच त्या बालपणाचा हिशेब चोख होतो.